अपेंडिक्स नव्हतं

आत्याबाई, गोठा झाडून झाला होता, म्हशीची धार काढून बादली ओसरीवर ठेवली होती आणि चुलीवर पाणी तापत होतं. घरात गॅस आहे आता, पण अंघोळीचं पाणी मी अजून चुलीवरच तापवते. सून भाकरी थापत होती. मुलगा रात्रपाळी करून येऊन नुकताच आडवा झाला होता. नात, म्हणजे तुमची पणती, जी तुम्ही पाहिलीच नाही, ती सकाळच्या एसटीनं वडगावला कॉलेजला जायचं म्हणून केस विंचरत उभी होती. मी बादलीवर फडकं टाकते आहे तेवढ्यात आतून कंगवा पडल्याचा आवाज आला. "काय पाडलंस ग?" म्हणत आत गेले. बघते तर पोरगी भिंतीला पाठ लावून खाली बसलेली. गुडघे पोटाशी घेतलेले, उजव्या बाजूला ओटीपोटात मूठ रुतवलेली, तोंड पांढरंफटक. "आजी" एवढंच म्हणाली आणि तिथंच ओकली.

सून पिठाच्या हातानं धावत आली. पलीकडच्या घरातून तुमची धाकटी सून, माझी जाऊ, तीही आली. दोघींनी पोरीकडे एकदा बघितलं आणि मग माझ्याकडे. सून म्हणाली, "आई, बेंबी सरकली असंल. काल कॉलेजात बाकडी उचलायला लावली व्हती पोरींना. तांब्या लावा." जाऊ म्हणाली, "आगं लाव की पटदिशी, बघत काय बसलीस? आत्याबाईंचा हात तुज्याच हातात उतरलाय." मी नाही म्हणाले. तुमच्या घरात, तुमच्या ओसरीवर, तुमच्या विद्येला मी नाही म्हणाले. हे तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आत आपणच सांगावं म्हणून लिहायला बसले आहे.

मला तुमची ती ओसरी जशीच्या तशी दिसते. आंदर मावळातल्या कुठल्या कुठल्या वाड्यांवरून बायका यायच्या, धरणाच्या कडेकडेनं चालत, एक हात पोटावर आणि एक हात बरोबरच्या बाईच्या खांद्यावर. तुम्ही त्यांना घोंगडीवर उताणं निजवायच्या, बेंबीवर तीन बोटं टेकवून डोळे मिटायच्या आणि ठोका कुठं लागतो ते बघायच्या. मग मला हाक. मी कणकेचं आळं करून आणायचं, बेंबीभोवती बसवायचं, मधोमध वात उभी करायची. वात पेटली की तुम्ही तांब्या पालथा घालायच्या. आत वात विझायची आणि पोट वर ओढलं जायचं, असं की तांब्या हातानं निघत नसे. बाई कण्हायची, तुम्ही तिच्या कपाळावर हात ठेवून बसायच्या. थोड्या वेळानं तांब्या सुटला की म्हणायच्या, "बसली बघ जागेवर. ऊठ आता, जड काय उचलू नगंस." आणि ती बाई खरंच उठायची, चहा पिऊन चालत जायची. तुम्ही कुणाकडून काही घेतलं नाही. नारळसुद्धा परत करायच्या. त्या घोंगडीवर बाईला कुणी घाई करत नव्हतं, कुणी ओरडत नव्हतं, हे मला मान्य आहे. घरात जिला कुणी विचारत नव्हतं तिचं दुखणं तुम्ही ऐकून घ्यायच्या. त्यानंच अर्ध्या बऱ्या होत असतील.

पण सगळ्या नाही. ती डोंगरापलीकडच्या वाडीची नवी सून आठवते का तुम्हाला? आठवत असणार. तिला आणली तेव्हा आपण दोघी वाल सोलत होतो. दुखणं अचानक उठलेलं, एका बाजूला, पाळी पुढं गेलेली आणि मग थोडंसंच अंगावरून गेलेलं. तिची सासू म्हणाली, पाळीचंच दुखतंय. तुम्ही तांब्या लावला. दुसऱ्या दिवशी परत आणली, तुम्ही परत लावला. त्या दिवशी ती निजल्यावर पोटाचं कमी आणि खांद्याचंच जास्त सांगत होती. उठवून बसवलं की डोळ्यांपुढं अंधारी. मी न राहवून विचारलं, "आत्याबाई, बेंबी सरकल्यावर खांदा कसा दुखंल?" सगळ्यांदेखत तुम्ही माझ्याकडे असं बघितलं, की हातातली वात खाली पडली. "तू कागद वाच," म्हणालात, "पोट मी वाचती." बायका हसल्या. ती नवी सूनसुद्धा हसली, तेवढ्या दुखण्यात. तिसऱ्या दिवशी जीपमधून वडगावला नेताना कान्हे गावाच्या अलीकडंच ती गेली. तुम्ही जेवला नाहीत त्या दिवशी. गावात सगळे म्हणाले, उशिरा नेली, आणि तुम्हीही तेच म्हणालात. उशिरा नाही, आत्याबाई. दुखायला लागल्या दिवशीच तिला घेऊन निघाले होते. फक्त आपल्याकडे आणली.

तिला काय झालं होतं ते मला पुष्कळ पुढं कळलं, आणि तेही तुम्ही आणून दिलेल्या चष्म्यामुळं. आमचे मालक गेले त्या वर्षी घरात येणारंजाणारं प्रत्येक माणूस मला सांगत होतं, पुस्तकं आता बांधून माळ्यावर ठेव, बाईनं दुःखात वाचत बसू नये, लोक काय म्हणतील. तुम्ही पोटच्या पोराला नुकतं पोचवून आलेल्या. ओसरीवर बसून म्हणालात, "वाचू दे तिला. रडण्यापेक्षा बरंय." आणि पुढच्या बाजाराला वडगावला जाऊन चष्मा घेऊन आलात. स्वतः डोळ्यांवर चढवून, दुकानातल्या भिंतीवरचा देव दिसतो का बघून आणलेला. मी म्हटलं, "अहो, नंबर माजा बघायचा, तुमी सोताच्या डोळ्यानं आनला?" तर म्हणालात, "मला देव दिसला. तुला अक्षर दिसंल." दिसलं, आत्याबाई. शाळा तिसरीत सुटलेली मी. लोणावळ्याच्या ज्या बंगल्यात शनिवार-रविवारी झाडलोट करायला जायची, तिथल्या बाई रद्दीत टाकलेली पुस्तकं मला न्यायला द्यायच्या. त्या चष्म्यातून ती सगळी वाचली. जी कळली नाहीत ती परत वाचली.

त्यात एक जाडं पुस्तक होतं, कव्हर फाटलेलं, बाईच्या शरीराचं. ओटीपोटात अचानक दुखायला लागण्यावर त्यात एक आख्खं प्रकरण होतं. तुम्ही परसात मिरच्या निवडत होता आणि मी मुद्दाम मोठ्यानं वाचलं. अपेंडिक्स असलं तर आधी बेंबीपाशी दुखतं आणि मग उजवीकडं खाली उतरतं. मुतखडा असला तर कमरेतून जांघेत कळ जाते, बाईला एका जागी बसवत नाही. आत सूज असली तर ताप येतो, अंगावरून वास मारणारं पाणी जातं. दोन पाळ्यांच्या मधल्या दिवसांत बीज सुटतं तेव्हाही कुणाकुणाच्या एका बाजूला टोचतं, ते आपलं आपण थांबतं. अंडाशयावर गाठ होते, ती फुटते, नाहीतर अंडाशयालाच पीळ पडतो. तुम्ही हसून हसून मिरच्या सांडल्या. "येवढं सगळं बाईच्या पोटात? मग भाकरी कुटं जाती ग?" मलाही हसू आलं. मग मी पुढचं वाचलं. गर्भ पिशवीत न राहता नळीत राहिला आणि नळी फुटली तर पोटात रक्त साठतं, बाईला अंधारी येते, आणि कधी कधी खांदा दुखतो. तुम्ही हसायच्या थांबलात. सूप बाजूला ठेवलंत, पदर झटकलात आणि उठून गोठ्यात गेलात. मला वाटलं, झालं, आता संपलं. पण पुढच्याच आठवड्यात कुणीतरी पोट धरून आली आणि तुम्ही मला कणीक मळायला सांगितलीत. माझा राग तुम्हाला आधी माहीत नव्हतं याचा नाही. तो त्या आठवड्याचा आहे. तुम्ही गेलात त्यालाही आता कितीतरी वर्षं झाली, पण तो राग काही विझलेला नाही.

तर मी नाही म्हणाले. सुनेला म्हटलं, "पोटाला हात लावायचा न्हाई कुनी. चोळायचं न्हाई, शेकायचं न्हाई, पानीसुदिक पाजायचं न्हाई. दुधाची गाडी यायची येळ झालीय, तीतनं जायचं." आणि एवढं बोलते आहे तोवर पोरीचं दुखायचं थांबलं. एकदम थांबलं. तोंडावर जरा रंग आला, म्हणाली, "आजी, बरं वाटतंय, एसटी मिळंल अजून." जाऊनं टाळी वाजवली. "बसली बघ आपसूक! उगं पोरीला दवाखाने दाखवाय निगालीस." मुलगा डोळे चोळत उठून आला होता, तोही म्हणाला, "आई, थांबू या की संध्याकाळपत्तोर." आत्याबाई, त्या क्षणाला मला तुमची सगळी विद्या कळली. दुखणं येतं, जातं. ते जायच्या वेळी तांब्या पोटावर असला की तांब्यानं गेलं. ज्या बऱ्या व्हायच्याच होत्या त्या चालत घरी गेल्या आणि त्यांनी तुमचं नाव चार गावांत सांगितलं. ज्या बऱ्या झाल्या नाहीत त्या सांगायला राहिल्याच नाहीत. मी मुलाला म्हटलं, "तुला यायचं असंल तर ये, न्हाईतर नीज. आमी चाललो." तो शर्ट घालून किटल्यांमध्ये मागं बसला, आम्ही तिघी पुढं दाटीवाटीनं.

टाकवे गावाच्या पुढं परत कळ उठली, आधीच्यापेक्षा मोठी. पोरीनं माझ्या मांडीत नखं रुतवली. मी तिच्या कानाशी लागून विचारलं, पाळी कधी आली होती, जास्तीचं काही गेलं का, लघवीला जळजळ होते का. आणि मग तेही विचारलं जे तिची आई विचारणार नव्हती. "कुना पोरासंगं काय झालंय का? झालं असलं तर आत्ता सांग. मी मारनार न्हाई आणि गाडी बी माघारी फिरवनार न्हाई." सून तोंडावर पदर घेऊन रडायलाच लागली, "आई, काय बोलताय पोरीला!" गाडीवाला बिचारा समोरच्या रस्त्याकडं असं बघत राहिला की जणू तो बहिरा आहे. पोरगी दातओठ खात म्हणाली, "न्हाई गं आजी. असतं तर तुला सांगितलं असतं." तुम्हाला मी कधी काय सांगितलं असतं?

हायवेलगतच्या दवाखान्यात एक डॉक्टरीण होती, आपल्या नातीहून थोडी मोठी असेल. तिनं पोट हलकेच दाबून बघितलं आणि लघवी तपासायला सांगितली, दिवस गेलेत का तेही त्यातच बघणार म्हणाली. सून उसळली, "मॅडम, लगीन व्हायचंय तिचं!" डॉक्टरीण काही बोलायच्या आत मी म्हटलं, "तपासनीला लगीन कळत न्हाई. करा तुमी." ते काही नव्हतं. सोनोग्राफी झाली. डॉक्टरीण बाहेर आली, बाकावर माझ्याशेजारी बसली आणि म्हणाली, "उजव्या अंडाशयावर पाण्याची गाठ आहे. तिच्या वजनानं अंडाशयाला पीळ पडलाय, रक्त पोचत नाहीये. वेळ गेला तर अंडाशय मरतं. ऑपरेशन आत्ताच करावं लागेल." मी विचारलं, मधे दुखायचं थांबलं होतं ते कसं? म्हणाली, "पीळ थोडा सैल झाला असेल, मग परत बसला. त्यावरच लोक फसतात. पोट चोळलं होतं का कुणी?" सुनेनं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "न्हाई." सही मुलानं केली.

पोरीला आत नेल्यावर आम्ही बाहेर बसलो. सून माझ्या खांद्यावर डोकं टेकून म्हणाली, "आई, एक काढावं लागलं तर हिचं लगीन कसं जमंल?" मी तिला म्हटलं, आधी पोरगी, मग लगीन. दुसरं अंडाशय शाबूत आहे, आणि एकावरही मुलं होतात, हे मी वाचलेलं आहे. म्हटलं खरं, पण मला तरी कुठं चैन होतं. बाहेर आल्यावर डॉक्टरिणीनं सांगितलं, पीळ सोडवला, आधी निळं काळं दिसत होतं, मग रंग परत आला, काढावं लागलं नाही. गाठ तेवढी काढली. "लवकर आणलंत," असं म्हणाली ती. आपल्या ओसरीबद्दल हा शब्द कधी कुणी उच्चारला नव्हता.

आता खरं भांडण इथून पुढं आहे. पोरीला घरी आणलं त्या संध्याकाळी जाऊ दारातच आडवी आली. "मी समद्यांस्नी सांगितलंय, अपेंडिक्स हुतं म्हून. तुमी बी तेच सांगा." सून लगेच मान हलवायला लागली. आत्याबाई, आपल्या गावात बाईची पिशवी काढलेली असो, गाठ असो, गर्भ पडलेला असो, बाहेर सांगताना ते अपेंडिक्सच असतं. तुमच्या थोरल्या लेकीचं अपेंडिक्स तर दोनदा काढलं. एका माणसाला किती असतात? मी तसं म्हणाले तर जाऊ चिडली. "तुला चेष्टा सुचती. उद्या म्हनतील, कुवारी पोरगी, पोटाचं आपरेशन, काय भानगड हाय कुनाला म्हाईत." मी म्हटलं, "आपन दडवतो म्हून म्हनत्यात. आनि शेजारच्या घरात उद्या एकादीचं आसंच दुखलं, तर तिच्या आईला काय कळनार? अपेंडिक्सची गोष्ट ऐकून ती तांब्याच लावनार." जाऊ म्हणाली, "लय शिकलीस तू." ती टोमणा मारत होती. मी तो कौतुक म्हणून ठेवून घेतला.

पण ते अंडाशय माझं नव्हतं, तिचं होतं. म्हणून मी पोरीच्या खाटेशी गेले. ती सगळं ऐकत पडली होती. विचारलं, खरं सांगू का लोकांना, की नको? तुजं नाव हाय, तुजं लगीन हाय, तू म्हनशील तसं. ती म्हणाली, "माझंच आहे ना ते? मग सांग. वर्गातल्या दोघींचं असंच दुखतं, त्या घरी गोळ्या लपवून खातात. पण मी असताना नको सांगू, मला लाज वाटंल." हसायला गेली तर टाके दुखले. सून म्हणाली, "आई, तुमी तिला बिगडवताय." म्हटलं, व्हय.

हे सगळं मी तुमच्यावर राग म्हणून लिहिलं, आणि तो आहेच. तुमची घोंगडी मी कुणासाठी अंथरणार नाही. मी गेल्यावर सुनेनं अंथरू नये म्हणून तिला ते पुस्तक वाचायला लावलं आहे. कुरकुरते, पण वाचते. तुम्ही असता तर तुमच्या तोंडावर बोलले असते असं मला वाटतं. खात्री नाही. त्या बाकावर बसले होते तेव्हा मात्र कपाळावर कुणाचा तरी हात हवा होता, आणि मला एकच हात आठवत होता.

पोरीला घरी आणलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी बचत गटाच्या बैठकीला गेले. हप्त्यांचं बोलणं झाल्यावर उभी राहिले आणि नातीला काय झालं होतं ते अंडाशय हा शब्द न गिळता सगळं सांगितलं: कळ कशी उठली, कशी थांबली, परत कशी आली, डॉक्टरिणीनं काय काय विचारलं. त्या डोंगरापलीकडच्या नव्या सुनेचंही सांगितलं, तांब्याचं आणि खांद्याचंही. एकीनं विचारलं, तिला त्या वेळी तांब्या कुणी लावला होता. मी म्हटलं, आता आठवत नाही.